तळाची चकाकी

"मग दुसरं कारण तरी काय असणार, बाई? काकांचे थरच बिघडलेत!"

शार्दूल पडद्याकडे बोट दाखवत तावातावानं बोलत होता. त्याच्या लेसरचा वर्णपट एका साध्या उंचवट्यासारखा यायला हवा होता. आल्या होत्या लाटा. एक चढ, एक उतार, पुन्हा चढ.

प्रयोगशाळेत लेसरसाठी स्फटिकाचे थर वाढवणारे घोरपडेकाका शनिवारी निवृत्त होणार होते. शार्दूलचे लेसर ज्यातून कापले होते त्या, काकांनी वाढवलेल्या शेवटच्या तबकडीबद्दल 'थर सदोष' असा शेरा त्यानं प्रबंधात ठोकून दिला होता. मार्गदर्शक मेहेंदळेबाईंची सही तेवढी राहिली होती.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"लाटांमधलं अंतर मोजलंस?"

"मोजलं की. सगळीकडे सारखं आहे."

"बिघडलेल्या थराला इतक्या शिस्तीत बिघडता येतं होय रे?"

शार्दूलनं पुन्हा पडद्यावरच्या लाटांकडे पाहिलं.

"बरं, उजेड जन्मतो कुठं?"

"मधल्या पातळ थरात."

"सगळा तिथंच राहतो?"

"थोडा गळतो. खालच्या आवरणातून पायथ्यात उतरतो. पण तो गेला तो गेलाच, बाई."

"आवरण पातळ ठेवायला कुणी सांगितलं होतं?"

"...तुम्ही."

"म्हणजे गळती माझी. आता पुढं बोल. गळलेल्या उजेडाला तळाशी काय भेटतं?"

"पायथ्याचं बूड."

थर ज्यावर वाढवतात त्या जाड पायथ्याचं बूड घासून झालं की सगळे ते तसंच खरबरीत सोडतात. शार्दूलनं मात्र नऊ दिवस खपून ते आरशासारखं केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. पण हातात आलेली वस्तू लख्ख केल्याशिवाय या पठ्ठ्याला चैन पडत नसे, आणि त्याचा त्याला तोराही होता.

बाईंनी चिमट्यानं त्याच तबकडीची एक पट्टी उचलली. तांदळाच्या दाण्याएवढी, अजून धातूचा मुलामा न दिलेली. काचेवर करडी भुकटी ओली करून त्यांनी पट्टीचं चकचकीत बूड तिच्यावर घासायला सुरुवात केली.

"बाई, नऊ दिवस लागले होते हो..."

"माहितेय."

घासून झाल्यावर त्यांनी पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली.

"जा, मुलामा देऊन आण."

दुपारी पडद्यावर खरबरीत बुडाच्या त्या पट्टीचा एकच उंचवटा आला. साधा, गुळगुळीत. लाटेचं नाव नाही.

शार्दूल बघतच राहिला. गेला म्हणून सोडून दिलेला उजेड त्याच्याच आरशावर आपटून परत वर येत होता आणि मूळच्या उजेडात लुडबुड करत होता. आणि त्यानं बोल लावला होता तो काकांना. त्याला चिमटा धरायला शिकवणाऱ्या काकांना. त्याला मनापासून लाज वाटली. डोळे भरून आले.

बाईंना ते दिसलं. त्या उगाचच चष्मा पुसत बसल्या. या पोरावर त्यांचा भारी जीव होता.

"तो शेरा खोडून टाकतो, बाई."

"इतक्यात खोडू नकोस."

"मग...?"

"आधी काकांकडे जा, आणि तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. मग त्यांच्यासमोरच खोड. चहा तेच पाजतील."