आवडायचं गलबत

लई लई मागली गोष्ट, आपल्या खारदेवणे गावाला बोटींचा धक्काही नव्हता तेव्हाची. अरे, चुळबुळ थांबवा, नाहीतर उठतेच मी!

खाडीच्या तोंडाशी एक गलबत बुडालं. वर अकरा माणसं, त्यातलाच एक दौलत, गलबताचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. एकाचंही प्रेत किनाऱ्याला लागलं नाही. दौलतची बायको आवडाय. तिला घरात बसवेना. रोज ओहोटीला चिखल तुडवत, उघड्या पडलेल्या गलबतापाशी जाऊन उभी राहायची. म्हणायची, "ह्यांनी जिथं गलबत सोडलं, तिथंच परत येतील."

आणि गाव काय करत होतं? कुऱ्हाडी घेऊन फळ्या काढत होतं! फुकटचं सागवान, कोण सोडतोय! कुणी दार केलं, कुणी पाट. आवडाय दारोदार फिरायची. "अहो, गलबतच उरलं नाही, तर ते यायचे कुठं?" लोक म्हणायचे, बाईला वेड लागलंय.

मग असं म्हणतात, की भरती आली की त्या फळ्यांना खारं पाणी सुटायला लागलं. दारं गळायची. लग्नात पाटावर बसलेल्या नवऱ्या मुलाचं धोतर भिजलं, बोला! लाजेपायी महिनाभर कुणी कुणाला सांगेना. शेवटी अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला अख्खं गाव फळ्या डोक्यावर घेऊन निघालं.

आवडाय एकेक फळी जागेवर लावून घेत होती. "ही इथं. इथं तुकू भात शिजवायचा. ही तिकडं, तिथं म्हादू झोपायचा." अशी दहा नावं झाली. सुकाणूजवळची फळी राहिली. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, अशी रीत. बाई ती फळी उराशी धरून उभी राहिली. तेव्हा कुऱ्हाड चालवणारं तेच गाव एका आवाजात ओरडलं, "दौलत तांडेल!" आवडाय चिखलात बसून ढसाढसा रडली. असं म्हणतात, तिचं रडणं सरेपर्यंत भरती थांबून राहिली. मग पाणी आलं, पण एकही फळी हलली नाही.

अजूनही दरसाल त्या अमावास्येला सगळं गाव तिथवर जातं. सगळ्यात म्हातारी बाई, म्हणजे आता मीच, दहा नावं घेते, अकरावं सगळे मिळून घेतात. परतताना हात उघडून दाखवायचे. खिळासुद्धा आणायचा नाही.

यंदा बुडालेली जहाजं शोधणारी माणसं आली होती शहरातून. दिवसभर चिखलात मापं घेतली बिचाऱ्यांनी. संध्याकाळी गावात परतल्यावर त्यातल्या एका पोरीनं वही काढली. "आजी, अकरा नावं लिहून घेऊ?"

"दहा लिही," मी म्हटलं. "अकरावं मोठ्यानं घे, हाक मारल्यासारखं."

तिनं घेतलं. आणि आम्ही सगळ्यांनी खाडीच्या तोंडाकडं वळून बघितलं.