ओली नळी आणि गळका पंप

गाड्यांचे भाग आपसांत भांडत, त्या काळची गोष्ट. एका म्हाताऱ्या व्हॅनचं पॉवर स्टिअरिंग जड झालं आणि खाली तेलाचं थारोळं साचलं.

"ही नळी गळतेय! फेका तिला भंगारात," वरून पंप गरजला. तेलानं निथळणारी नळी भेदरली; अंगच ओलं, तर तिचं कोण ऐकणार?

"थांब रे, पंपोबा!" मिस्त्रीच्या हातातली लुगड्याची चिंधी कडाडली. "आधी दोघांची तोंडं पुसते, मग बोल."

पुसून झाल्यावर मिस्त्रीनं इंजिन सुरू केलं, स्टिअरिंग फिरवलं. नळी कोरडीच राहिली. पंपाच्या मानेवर मात्र एक थेंब फुगला आणि नळीकडे निघाला.

"मावशी, पुसा ना पटकन," पंप कुजबुजला.

"पुसते की! पण आधी मिस्त्रीला बघू दे. तुझी गळती थांबवायला नवं सील बसेल, अन् या पोरीचं भंगारात जाणं टळेल."