शांत आईचा क्लास

पाखरांकडे नुकतेच मोबाइल आले होते, त्या काळी एक कोकिळा रोज रील टाकायची. "आयांनो, मला बघा. पिल्लांची काळजी नाही, झोप पूर्ण, गळा गोड. माझ्या क्लासला या."

अंडी उबवून दमलेली कावळी लगेच गेली. "ताई, तुमची पिल्लं रीलमध्ये कधी दिसत नाहीत ती?"

"दिसतील गं. आधी रोज तासभर घरट्याबाहेर पडायला शीक."

कावळी शिकली. ती बाहेर असताना कोकिळेने तिच्या घरट्यात आपलं अंडं घातलं. त्यातलं पिल्लू कावळीनेच भरवून मोठं केलं. त्याने बाळसं धरताच नवी रील आली, "बघा माझं पिल्लू. मी एकदाही काळजी केली नाही."

त्याच पिल्लाला घास देता देता कावळीने ती पाहिली. "आपल्याला कधी जमायचं असं," म्हणत तिने बदाम पाठवला आणि पुढच्या बॅचला नाव घातलं.