सटवाजीची शंभर पावलं

तुमच्या-आमच्या खापरपणज्यांचाही जन्म नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. कृपा करून मध्ये वाद घालू नका. वाद घालून घालून माझा घसा बसलाय.

कोळसुंद्यात सटवाजी नावाचा पाथरवट होता. त्यानं खंडोबाच्या देवळाच्या दारावर दोन दगडी तुळया चढवल्या, एकीवर एक, मध्ये फरशी बसवून. असं म्हणतात, त्या ओढताना बारा बैलांनी गुडघे टेकले. शिखराचा सगळा भार त्या तुळयांवर. त्या मधल्या फरशीवर त्यानं सूर्य कोरला, आणि त्याचे किरण थेट तुळयांना भिडवले.

गाव बघायला आलं आणि म्हणालं, तुळया मधोमध फुगल्यात. सटवाजीनं सूत ताणून दाखवलं. सूत तुळईला तंतोतंत बसलं. तर लोक म्हणाले, सूतही फुगलंय. आता काय बोलायचं?

बहिरजी पाटलांनी हुकूम सोडला, फुगवटा तासून टाक. तुळई तासली की मोडणार, आणि शिखर माणसांच्या डोक्यावर येणार.

त्यानं अख्खं गाव शंभर पावलं मागे नेलं, चिंचेपाशी. तिथून तुळया सरळ दिसल्या. जवळ आणलं, पुन्हा फुगल्या. अशा सात फेऱ्या झाल्या.

"पाटील, दगूड जागचा हललेला न्हाई. हलताय ते तुम्ही."

पाटलांनी बराच विचार केला. "म्हंजे आम्ही जवळ आलो, की दगूड फुगतो."

सटवाजीनं कपाळावर हात मारला. मग त्याच्या ध्यानात आलं, लांबून किरण दिसत नाहीत, जवळून दिसतात; ते तुळयांना भिडलेत म्हणून डोळा फसतोय. त्यानं छिन्नी घेतली आणि टोकं तासून फरशीवरचे किरण हातभर आत नेले. असं म्हणतात, काम संपेपर्यंत आभाळातला सूर्य जागचा हलला नाही. तुळयांना त्यानं बोटसुद्धा लावलं नाही, आणि त्या जवळूनही सरळ दिसू लागल्या.

पाटील म्हणाले, "बघ, आम्ही बोललो म्हणून सरळ केल्यास."

सटवाजीनं हातोडा पायरीवर ठेवला आणि गावाकडे तोंड करून उलट्या पावलांनी निघाला. चिंच मागे पडली, माळ मागे पडला, त्याचा ठिपका झाला, मग तोही दिसेना. असं म्हणतात, तो अजून चालतोच आहे, हे गाव शहाणं दिसेल इतकं लांब जायला.

आजही कोळसुंद्यात कुणी दुसऱ्याच्या कामात खोट काढली, की त्याला सटवाजीच्या नावानं चिंचेपर्यंत शंभर पावलं उलटं चालवतात. चिंचेला हात लावून परत आला, की मगच त्यानं बोलायचं. सगळे गुमान चालतात.

आणि पाहुणा आला, की तेच लोक त्याला देवळाचं दार दाखवून सांगतात, ह्या तुळया वाकड्या होत्या, आमच्या पाटलांनी सरळ करून घेतल्या.