रिकाम्या खेपांची घंटा

शहरात रस्ते कमी आणि पालख्या फार झाल्या होत्या, त्या काळची ही गोष्ट. नदीच्या एका काठाला लोकांची घरं, दुसऱ्या काठाला बाजार, आणि मधे एकच दगडी पूल. ज्याच्या दारात घोडा असे तो घोडा काढी, ज्याच्या दारात गाडी असे तो गाडी जुंपी, आणि सगळे एकाच वेळी पुलावर येऊन एकमेकांच्या नावाने ठणाणा करत. दही घेऊन निघालेला गवळी धक्के खात पलीकडे पोहोचेपर्यंत दह्याचं ताक झालेलं असे.

राजा मनाचा चांगला होता. लोक नावेने गेले तर पूल मोकळा होईल, असं ठरवून त्याने वीस नावा बांधून घेतल्या आणि भाडं ठेवलं माणशी एक कवडी. एवढ्याशा कवडीत नावाड्याचं पोट भरणार नाही, हेही त्याला कळत होतं. म्हणून त्याने हुकूम काढला, की नाव काठाला लागली की नावाड्याने घाटावरची घंटा वाजवावी आणि जितक्या वेळा घंटा वाजेल तितके शेर ज्वारी सरकारी कोठारातून न्यावी.

भरलेली नाव जड चालते आणि रिकामी पळत सुटते, हे नावाड्यांच्या चार दिवसांतच ध्यानात आलं. मग काय विचारता. माणसं घाटाच्या पायऱ्या उतरत असतानाच नाव सुटू लागली. म्हातारेकोतारे हात हलवत राहत आणि नावाडी वल्ही मारत पलीकडे जाऊन घंटा बडवत. चार वेळा फजिती झाली की माणूस पाचव्यांदा गुपचूप पुलाची वाट धरी. तिकडे राजा गच्चीत बसून घंटा ऐके आणि खूश होई. त्याला वाटे, काय झपाट्याने कामं चालली आहेत आपल्या राज्यात.

या वीस नावांत एक नाव होती एका विधवा नावाडणीची. तिची रीत वेगळी होती. नावेत एका घंगाळात ती पाणी भरून ठेवी आणि त्यावर भोक पाडलेली तांब्याची वाटी तरंगत सोडी. वाटीत हळूहळू पाणी चढे. वाटी बुडाली की नाव सुटे, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. कोणाला घाई करावी लागत नसे, कोणाला ताटकळावंही लागत नसे. लोकांना तिच्या वेळा तोंडपाठ झाल्या होत्या. चढताना ती प्रत्येकाला हात देई आणि डोक्यावर ओझं असलं तर फळी टाकी. तिची नाव नेहमी भरलेली असे. घंटा मात्र सगळ्यांत कमी वाजे, आणि बाकीचे नावाडी तिला थट्टेने थांबाकाकी म्हणत.

व्हायचं तेच झालं. कोठाराचा तळ दिसायला लागला. कोठावळा हातातल्या किल्ल्या वाजवत राजापुढे उभा राहिला. त्याच्या सल्ल्याने भाडं दोन कवड्या झालं, तशी उरलीसुरली माणसंही पुलाकडे वळली. मग दवंडी पिटली गेली, की आठ दिवसांत ज्याच्या घंटा सगळ्यांत कमी भरतील त्याची नाव सरकारजमा होईल, आणि सगळ्यांत जास्त भरतील त्याला राजा स्वतः सोन्याचं कडं देईल.

नाव गेली तर नावाडणीच्या घरची चूल विझणार होती. शेजारचा नावाडी, ज्याच्या घंटा सगळ्यांत जास्त होत्या, तिला म्हणाला, "काकी, आठ दिवस ती वाटी घरी ठेवा. रिकाम्या खेपा मारा. नाव वाचली तर पुढं लोकांना हात देत बसा की जन्मभर."

बोलणं तिला पटलं. दुसऱ्या दिवशी तिने वाटी घरी ठेवली आणि सकाळीच तीन रिकाम्या खेपा मारल्या. नाव अशी हलकी चालत होती की तिला स्वतःलाच नवल वाटलं. तिसऱ्यांदा घंटा वाजवून तिने वळून पाहिलं, तर पलीकडच्या पायरीवर डोक्यावर मडक्यांची उतरंड घेऊन एक कुंभारीण उभी होती. ती रोजच्या वेळेला आली होती. थोडा वेळ वाट पाहून ती मुकाट्याने पुलाकडे निघाली.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिच्या टोपलीत नुसती खापरं होती. पुलावर बैलाचा धक्का लागला होता. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुझी वाटी चुकली का गं आज? मी तर वेळेलाच आले होते."

दुसऱ्या दिवशी वाटी पुन्हा घंगाळात आली. नाव जायची तर जाऊ दे, असं नावाडणीने मनाशी ठरवून टाकलं आणि पुढचे दिवस पहिल्यासारखी वेळेवर नाव सोडली.

आठव्या दिवशी तिच्या नावेत चढायला एक माणूस आला. अंगावर घोंगडं होतं आणि धोतर गुडघ्यापर्यंत ओलं झालं होतं. तो होता राजा. कडं द्यायला निघालेली त्याची पालखी पुलावर रुतली होती, पुढेही हलेना आणि मागेही. सगळे नावेने जातात तर ही गर्दी कुठली, हे त्याला कळेना. शेवटी एका भोयाचं घोंगडं पांघरून तो घाटावर उतरला आणि समोरच्या नावेत पाय टाकणार, तेवढ्यात नाव निसटली आणि राजा पाण्यात. त्या नावाड्याने मागे वळूनही पाहिलं नाही. कडं त्यालाच मिळायचं होतं.

"या दादा, हात द्या," नावाडीण म्हणाली. "बसा निवांत. वाटी अजून बुडायची आहे."

राजाने तांब्याची वाटी पाहिली, नावेतली चाळीस माणसं पाहिली. मग पुलाकडे पाहिलं. ही चाळीस माणसं तिथे नाहीत, एवढीच काय ती पुलाला मोकळीक होती.

"तुझ्या घंटा सगळ्यांत कमी. आज नाव जाणार म्हणतात," तो म्हणाला. "मग थांबतेस कशाला?"

"माणसं पलीकडं गेली नाहीत, तर घंटा कशाची वाजवायची, दादा?"

नाव काठाला लागली. राजाने घोंगडं काढलं आणि सारा घाट मुजऱ्याला वाकला. त्याने तिथल्या तिथे हुकूम बदलला. ज्वारी घंटेवर नाही, तर पार झालेल्या माणसांवर मिळेल, दर वीस माणसांमागे एक शेर. भाडं पुन्हा एक कवडी.

घंटा मोजायला घाटावर आलेला कोठावळा पुटपुटला, "महाराज, कोठाराला तोटा होईल."

"अडकलेल्या शहराचा तोटा तू कधी मोजलास का?" राजाने विचारलं. मग कडं पुढे करून तो नावाडणीला म्हणाला, "हे तुझं. साऱ्या घाटात रिकामी घंटा न वाजवलेली तू एकटीच आहेस."

सगळे तिच्याकडे पाहत होते. ती गप्प राहिली असती तर कोणालाही कळलं नसतं. पण तिने हात मागे घेतला.

"नाही महाराज. तीन वाजवल्या मी. नाव जाईल म्हणून भ्याले होते. त्या दिवशी माझ्या नावेतल्या या कुंभारणीची मडकी फुटली. माझ्या वाट्यातली तीन शेर ज्वारी तिला द्या."

राजाने तलवार म्यानात घालावी तसं कडं शेल्यात बांधून ठेवलं आणि तो तिला हात जोडून म्हणाला, "कड्याने तुझी किंमत होणार नाही, बाई. आजपासून हा सगळा घाट तू सांभाळ. स्वतःच्या रिकाम्या खेपा जी सांगते, तिच्यापुढे दुसऱ्याच्या लपायच्या नाहीत."

महिन्याभरात पूल मोकळा झाला. नावाडी पायऱ्या चढून वर येत आणि म्हाताऱ्यांना हात धरून खाली नेत. घंटा क्वचितच वाजे आणि कोठारातून ज्वारीही पहिल्यापेक्षा कमी जाई. राजाने मात्र गच्चीत बसणं सोडलं. आठवड्यातून एकदा तो कवडी देऊन नावेत बसे.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: काम किती झालं हे आवाजावरून ठरवू नये, त्या कामाने किती माणसं पार झाली ते पाहावं, आणि आपली चूक जो आपणहून सांगतो, त्याच्याच हाती दहा जणांची सोय सोपवावी.