भुरक्याचं लिंपण

टेकडीवरच्या त्या राज्यात मुंगसं राहत, आणि प्रत्येक बिळाला पाच तोंडं असत. चार तोंडांना नावं होती: बोरीचं, वारुळाचं, पाणवठ्याचं आणि बांधाचं. पाचवं मावळतीकडे उघडत असे. तिथून बाहेर पडलेलं मुंगूस कधी परत आलं नव्हतं, म्हणून त्याचा विषय कोणी काढत नसे. विषय काढला नाही की ते तोंड आपोआप बुजतं, असा तिथल्या शहाण्यांचा समज होता. उतारावरची तीन बिळं गवतानं भरून गेली होती. त्यांच्यापुढून जाताना सगळे जरा भरभर चालत आणि हवापाण्याचं बोलत.

एखादं तोंड ढासळलं की माती मळून ते लिंपायचं, आणि चौथ्या दिवशी, आतली पडझड थांबली की लिंपण खरवडून तोंड पुन्हा मोकळं करायचं, अशी रीत होती. माती मळण्यात भुरक्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यानं मळलेली माती लोण्यासारखी मऊ होई आणि वाळली की दगड. लोक त्याचं कौतुक करत, आणि तेच पुढे त्याच्या अंगाशी आलं.

बोरीच्या तोंडाशी घारीनं त्याचं पिल्लू उचललं. भुरक्यानं ते तोंड लिंपलं, त्यात काही वावगं नव्हतं. चौथ्या दिवशी तो खरवडायला बसला खरा, पण खरवडलेली माती हातात घेऊन पुन्हा मळू लागला. मळताना एकच विचारत राहिला, माझ्याच वाट्याला हे का? हा ‘का’ मोठा चिवट असतो. जितका मळावा तितका घट्ट होतो आणि उत्तर मात्र देत नाही. संध्याकाळी भुरक्यानं तीच माती पुन्हा थापली, आधीपेक्षा जाड.

मग पाणवठ्याच्या तोंडाशी कोणीतरी त्याला लागेल असं बोललं. ते तोंड लिंपलं. बांधाच्या तोंडाशी तो स्वतःच घसरून पडला. तेही लिंपलं. एका पावसात वारुळाचं तोंड ढासळलं, तेव्हा त्यानं सगळी माती एकत्रच मळायला घेतली. घारीची, बोलण्याची, घसरण्याची, पावसाची. कोणती कुठली ते त्याचं त्यालाही ओळखू येईना. काय झालं म्हणून विचारलं की तो एवढंच म्हणे, “नेहमीचंच.”

आता बिळात अंधार होता आणि उजेड फक्त पाचव्या तोंडातून येत होता. उजेडाकडे तोंड करून बसणं हा कोणत्याही जिवाचा स्वभाव आहे, त्यात भुरक्याचा काय दोष? त्याचं अंथरूण रोज वीतभर तिकडे सरकत होतं. शेजारी वरून ओरडत, “धीर धर रे. आमच्याकडे काय कमी ढासळतं?” आणि मग मोकळ्या मनानं पाणवठ्यावर जात.

वाकडी नावाची एक शेजारीण होती. उतारावरच्या तीन बिळांपैकी एक तिच्या बहिणीचं. बहीण होती तेव्हा वाकडी रोज तिला विचारायची, तू अशी का गं वागतेस? बहीणही स्वतःला तेच विचारत होती. दोघींनी मिळून खूप माती मळली. हे वाकडीला फार उशिरा कळलं, आणि कळल्यापासून तिची झोप उडाली होती.

एके सकाळी ती भुरक्याच्या वारुळाच्या तोंडाशी आली आणि लिंपणाला तोंड लावून तिनं ते विचारलं, जे त्या राज्यात कोणी विचारत नसे.

“दादा, मावळतीच्या तोंडाशी जाऊन बसतोस का?”

आतून आवाज आला, “हो.”

वाकडी तिथून उठली नाही.

“बरं केलंस सांगितलंस. मी इथंच आहे. हे वारुळाचं तोंड कधी ढासळलं रे?”

“माझं नेहमीच ढासळतं.”

“नेहमीचं राहू दे. हे एकच सांग. त्या दिवशी पाऊस कुठून होता?”

“आठवत नाही.”

“तू कुठं उभा होतास?”

वाकडीनं कान लिंपणावरून काढला नाही.

“डाव्या अंगाला,” आतला आवाज म्हणाला. “बोरं आणली होती मी. ती सांडली.”

“मग माती पडली ती कुठली? वरची की बाजूची?”

“वरची. बाजूची नाही पडली. बाजूला मुळं आहेत.”

“आहेत का अजून? हात लावून बघ बरं.”

आत कोणीतरी जड पावलांनी लिंपणापाशी आलं. मग नखांचा आवाज सुरू झाला, अगदी हळू. मधेच तो थांबे. थांबला की वाकडी काहीतरी लहानसं विचारी. माती ओली आहे का? मूळ जाड आहे की बारीक? उत्तर येई, आणि नखं पुन्हा चालू होत. बाहेरून तीही खरवडत होती. ऊन चढलं. तिच्या एका बोटातून रक्त यायला लागलं.

दुपारच्या सुमारास मुळाच्या कडेनं बोराएवढं भोक पडलं. एवढ्याशा भोकातून उंदीरही गेला नसता. पण उन्हाची एक काडी आत शिरली आणि जमिनीवर उभी राहिली. भुरक्यानं वळून मागं पाहिलं. मावळतीचं तोंड होतं तिथंच होतं, होतं तेवढंच उघडं. फक्त इतके दिवस सगळं बीळ उजळणारं ते तोंड आता भिंतीतल्या एखाद्या फिकट डागासारखं दिसत होतं.

तेवढ्यात बिळात पुन्हा अंधार झाला. तो आत कसा आहे ते पाहायला वाकडीनं भोकात नाक खुपसलं होतं. ते ओलं नाक थरथरत होतं.

भुरक्या त्या नाकाकडे वळला.

“ताई,” तो म्हणाला, “नाक जरा बाजूला घे. उजेड अडतोय.”