जरबेराच्या माना

सांगलीत फुलांच्या दुकानदारीचं शिक्षण देणारा एक वर्ग होता. त्याच्या परीक्षेला नलिनी आवटी बसली होती. ती पास झाली तरच दीर घरचं फुलांचं दुकान तिच्या हाती देणार होते, नाहीतर विकून टाकणार होते.

परीक्षक होते फूल-व्यापारी संघाचे अध्यक्ष दत्ताजीराव खराडे. टेबलावर मांडलेल्या गुच्छाला पुन्हा हात लावायचा नाही, पाणीही मारायचं नाही, असा त्यांचाच नियम होता. त्यांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी दहाला सगळ्यांनी गुच्छ मांडले. खराडे मात्र कुठल्याशा सत्कारात हार घालून घेत बसले आणि एप्रिलच्या उन्हात दुपारी दोनला उगवले.

तोवर नलिनीच्या गुच्छातल्या जरबेरांनी माना टाकल्या होत्या.

"असली फुलं गिऱ्हाइकाला देणार?" खराडे सगळ्यांदेखत कडाडले. "लाज कशी वाटत नाही?"

नलिनीचे डोळे भरून आले. तरी ती म्हणाली, "साहेब, दहा वाजता ही फुलं तुमच्या स्वागताला मान ताठ करून उभी होती. तुम्ही आलाच नाहीत. कोणाला तरी लाज वाटायला हवी, म्हणून शेवटी त्यांनीच माना खाली घातल्या."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. खराड्यांचे कान लाल झाले.

"चुकलं माझं," ते पुटपुटले. "सगळ्यांना ताजी फुलं मागवा. मी थांबतो."

नलिनी पास झाली. प्रमाणपत्र देताना खराड्यांना तिच्या नजरेला नजर देता आली नाही. तिलाही वर बघवेना. वडिलांच्या वयाच्या माणसाला आपण चारचौघांत बोललो, हे तिला खात होतं. खाली बघतच दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.